स्वस्तात बनवलेल्या रेस कारची पुढची काच: काय ठेवायचं, काय बदलायचं, कसं बसवायचं

जुनी मारुती ८०० किंवा झेन घेतली, मागच्या सीट काढल्या, केजसाठी (गाडी उलटली तर वाचवणारा आतला पाइपांचा सांगाडा) दोन-तीन फॅब्रिकेटरकडे भाव काढला आणि मग पुढचा प्रश्न येतो तो हाच, की पुढची काच काढून टाकू का, वजन कमी होईल, नाहीतर प्लास्टिकची बसवू का, स्वस्त पडेल. सोलापुरातली कॉलेजची पोरं असू देत नाहीतर गॅरेजवाल्यांची, सगळे इथंच येऊन अडकतात, आणि मी पण अडकलो होतो, म्हणून जे मला त्यावेळी कोणी नीट बसवून सांगितलं नाही ते इथं सविस्तर लिहितोय. थोडं लांबलंय पण एकदा पूर्ण वाचा आणि मगच गाडीला हात लावा.

आधी माझं मत सांगून टाकतो. गाडीला तिची मूळची पुढची काच चांगल्या अवस्थेत असेल तर ती काढू नका. बजेट गाडीसाठी तीच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाची काच आहे. तुमचं काम फक्त दोन गोष्टींचं, ती जागेवरून सुटू नये आणि तिच्यातून स्वच्छ दिसावं.

आधी नियमपुस्तक, मग पाना

आपल्याकडे मोटरस्पोर्टचं काम एफएमएससीआय बघते, म्हणजे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडिया. ऑटोक्रॉस असो (मोकळ्या मैदानात आखलेल्या वळणांवर घड्याळ लावून पळवायची रेस), रॅली असो की सर्किट, त्यांच्या मान्यतेच्या प्रत्येक इव्हेंटला जनरल नियम असतात आणि त्यावर त्या इव्हेंटच्या सप्लिमेंटरी रेग्युलेशन्स, म्हणजे त्या इव्हेंटपुरते जादा नियम असतात. तुम्ही ज्या क्लासमध्ये उतरणार त्या क्लासचं पान काढा, प्रिंट मारा आणि गाडीच्या कागदांत ठेवा. स्टॉक क्लासमध्ये सहसा कंपनीची काच बदलायला परवानगीच नसते, मॉडिफाइड क्लासमध्ये थोडी मोकळीक असते, आणि इंटरनेटवर बघितलेली अमेरिकेतली गाडी दाखवून इथल्या स्क्रूटिनीत, म्हणजे रेसआधीच्या गाडीच्या तपासणीत, काही उपयोग होत नाही. मनात शंका असेल तर आयोजकांना लेखी विचारा. फोनवर कोणीतरी "चालतंय की" म्हणालं आणि तुम्ही रात्रभर गाडी टेम्पोत घालून तिथं गेलात आणि स्क्रूटिनियरने मान हलवली, तर तो दिवस परत येत नाही.

अमेरिकेचं नाव निघालंच तर, स्वस्त गाड्यांच्या रेसमधलं सगळ्यात गाजलेलं नाव म्हणजे तिकडची ट्वेंटी फोर अवर्स ऑफ लेमन्स, २००६ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली, गाडी ५०० डॉलरमध्ये उभी करायची अशी अट. पण सेफ्टीवर केलेला खर्च त्या ५०० मध्ये धरत नाहीत, केज, सीट, बेल्ट, ब्रेक हे सगळं बाहेर. मला हा विचार फार पटतो. तुमच्या वहीत पण असेच दोन रकाने करा, गाडीचा खर्च वेगळा आणि जीव वाचवायचा खर्च वेगळा, आणि काच दुसऱ्या रकान्यात लिहा. एकदा तिथं लिहिली की तिच्यात पैसे वाचवायचा मोह आपोआप कमी होतो.

आणि हो, बीएजेए एसएईइंडिया या कॉलेजांच्या स्पर्धेसाठी बग्गी बनवणाऱ्या कॉलेजच्या टीमला यातलं बरंचसं लागू नाही, त्यांच्या गाडीला काच नसतेच, त्यांनी थेट खाली हेल्मेट आणि जाळीचं वाचावं.

काच म्हणजे नेमकं काय असतं

पुढची काच आणि दारातली काच या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे डोक्यात पक्कं बसवा कारण पुढचं सगळं यावर आहे. पुढची असते लॅमिनेटेड, म्हणजे काचेचे दोन पातळ थर आणि मधे पीव्हीबी नावाच्या प्लास्टिकचा चिवट पडदा, साधारण पाऊण मिलिमीटरचा. दगड बसला की बाहेरचा थर तडकतो, पडदा धरून ठेवतो, आतला थर बहुतेक वेळा शाबूत राहतो, अंगावर काही येत नाही. ही कल्पना मूळची एदुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच माणसाची, त्याच्या प्रयोगशाळेत काचेचं भांडं खाली पडलं आणि आतून प्लास्टिकचा थर वाळलेला असल्यामुळे तडे जाऊनही विखुरलं नाही, त्यावरून त्याला सुचलं आणि १९०९ मध्ये त्याने पेटंट घेतलं. शंभराहून जास्त वर्षं झाली, अजून गाडीच्या पुढच्या काचेत तीच युक्ती चालते.

दारातली आणि मागची काच असते टफन्ड, म्हणजे तापवून झटक्यात गार केलेली. ती साध्या काचेपेक्षा मजबूत असते पण फुटली की सगळी एकदम फुटते, मक्याच्या दाण्याएवढे तुकडे होतात आणि पूर्ण गाडीभर उडतात.

कोपऱ्यात छाप असतो तो वाचा. लॅमिनेटेड असं लिहिलेलं असतं, आयएसआयचा मार्क आणि आयएस २५५३ हा नंबर असतो. भंगारातून काच आणणार असाल तर मातीने भरलेला तो कोपरा थुंकी लावून का होईना पुसा आणि वाचल्याशिवाय पैसे देऊ नका. छाप घासून गेलेला असेल तर काच उभी धरून कडेकडून बघा, लॅमिनेटेडमध्ये मधली रेष स्पष्ट दिसते.

आहे ती काच तपासायची कशी

दिवसा उजेडात तपासू नका, निम्मे दोष दिसतच नाहीत. संध्याकाळी गाडी अंधारात लावा, आत बसा, आणि बाहेरून मित्राला मोबाईलचा टॉर्च तिरका धरून काचेवर हळूहळू फिरवायला सांगा. पुणे-हैदराबाद हायवेवर वर्षानुवर्षं पळालेल्या गाडीच्या काचेवर वाळूचे हजारो बारीक टवके असतात, एरवी ते कळत नाहीत, पण मावळतीचा सूर्य समोर आला की पूर्ण काच पांढरी होते आणि समोरचं वळण गायब. ताशी ६० ला गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरच्या वर जाते, म्हणजे अर्धा सेकंद दिसलं नाही तर आठ मीटर गाडी आंधळी चालली. आपल्याकडची ऑटोक्रॉसची ग्राउंडं म्हणजे मुरूम नाहीतर काळी माती, त्यात चार वाजेनंतरचा धुराळा आणि तिरपं ऊन, हे डोळ्यासमोर आणा मग कळेल मी यावर एवढा का अडून बसतो. वायपरने काढलेली अर्धगोल रेघ नखाला लागत असेल तर ती काच रेससाठी बाद समजा.

तडे बघताना ते कुठं आहेत हे महत्त्वाचं. ड्रायव्हरच्या नजरेसमोर कसलाही तडा चालत नाही. कडेपासून सुरू झालेला तडा लांबीला बोटभर असला तरी तो वाढणार, कारण खडबडीत जमिनीवर गाडीची पूर्ण बॉडी पिळवटते आणि ताण काठावरच येतो. मधे कुठंतरी एखादा छोटा टवका असेल, रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान, तर तो रेझिनने भरून घेता येतो, फक्त बाहेरच्या थरापुरता असेल तरच. कडेला दुधासारखा पांढरट पट्टा दिसत असेल तर आतला पडदा सुटायला लागलाय, ती काच बदला.

सोलापूरसाठी खास एक गोष्ट. मे महिन्यात पारा ४३-४४ ला गेलेला असतो, उन्हात उभ्या गाडीची काच हात लावू देत नाही, आणि पोरं धूळ काढायला थेट थंडगार पाण्याची बादली मारतात. बारीक टवका असलेली काच तिथल्या तिथं तडकते, मी समोर बघितलंय. गाडी सावलीत घ्या, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग धुवा.

मूळची काच पक्की बसवणं

८००, ओम्नी, जिप्सी अशा जुन्या गाड्यांत काच रबर बीडिंगमध्ये बसते. नंतरच्या गाड्यांत ती पेस्टिंगने चिकटवलेली असते. दोन्हीत काम वेगळं.

बीडिंगवाल्या काचेचा धोका असा की रबर वीस-पंचवीस वर्षांचं, उन्हाने कडक झालेलं, आणि रेसमध्ये दारांच्या काचा खाली असतात त्यामुळे आत हवा भरते आणि काच आतून बाहेर ढकलली जाते, त्यात बॉडी पिळवटली की एक कोपरा सुटतो आणि मग पूर्ण काच बाहेर. म्हणून पहिलं काम, बीडिंग नवीनच घ्या, जुनं तेल-बिल लावून मऊ करत बसू नका. फ्रेमचा गंज खरवडून काढा, प्रायमर मारा, वाळू द्या. मग बीडिंग काचेला चढवा, आतल्या खाचेत जाड नायलॉनची दोरी फिरवा, दोन्ही टोकं आतल्या बाजूला खाली मधोमध येऊ द्या, साबणाचं पाणी लावा, एकाने बाहेरून तळहाताने दाबत राहायचं आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढत जायची, रबराची कड आपोआप पत्र्यावर चढते. कुठंही काच फ्रेमच्या पत्र्याला थेट लागता कामा नये. हे काम कोणताही जुना काचवाला अर्ध्या तासात करतो, त्याच्याकडून करून घ्या पण तिथं उभं राहून बघा, कारण इव्हेंटच्या आदल्या रात्री तुम्हालाच करावं लागू शकतं.

मग क्लिपा. अमेरिकेतल्या क्लब रेसिंगमध्ये काचेला वरून तीन आणि खालून दोन पट्ट्या लावायची पद्धत आहे, आणि नियमात बसत असेल तर ही पद्धत मी कुठल्याही बजेट गाडीला लावेन. दीड मिलिमीटर जाडीची पट्टी, एक इंच रुंद आणि तीन इंच लांब, एक टोक छताच्या किंवा काऊलच्या (बॉनेट आणि काच यांच्यामधल्या) पत्र्यात बोल्ट नाहीतर रिबिटने पक्कं, दुसरं टोक काचेवर नुसतं टेकलेलं, मधे रबराचा तुकडा. दोन क्लिपांत फूटभर अंतर ठेवा. नुसतं टेकलेलं म्हणतोय ते नीट ऐका, आवळायचं नाही, आवळली की त्याच जागी काच तडकते. अक्कलकोट रोड एमआयडीसीत कुणाही फॅब्रिकेटरकडे एवढ्या पट्ट्या उरलेल्या पत्र्यातून निघतात.

पेस्टिंगच्या काचेत सगळी ताकद त्या पीयूच्या, म्हणजे पॉलीयुरेथेनच्या चिकटीत असते. जुनी पेस्ट पूर्ण खरवडून काढायची गरज नाही, सपाट कापून तिचा पातळ थर राहू द्यायचा, त्यावर प्रायमर, त्यावर नवीन पेस्ट. इथं बहुतेकांचा एक गैरसमज असतो. उन्हाळ्यात लवकर वाळेल असं वाटतं, पण एका ट्यूबमधली पीयू पेस्ट हवेतल्या ओलाव्यावर पकडते, आणि आपल्याकडचा एप्रिल-मे म्हणजे कोरडा ठणठणीत, त्यामुळे ट्यूबवर जेवढा वेळ लिहिलाय त्यापेक्षा जास्तच द्या. शुक्रवारी रात्री काच चिकटवून शनिवारी सकाळी रेसला निघायचं असला प्लॅन करू नका, मधे निदान दोन दिवस असू देत आणि त्या दोन दिवसांत दारं धडाधड आपटू नका, एखादी काच थोडी खाली ठेवा.

प्लास्टिक लावायचंच असेल तर

आता माझ्या चुकीवर येतो. आमच्या पहिल्या ८००ची काच फुटलेली होती, पैसे संपलेले, आणि बोर्ड बनवणाऱ्या एकाकडून ३ मिलिमीटरची पारदर्शक शीट आणली, दिसायला एकदम स्वच्छ, रिबिट मारून बसवली. विजापूर रोडच्या पुढे एका मित्राच्या काकांच्या पडीक रानात प्रॅक्टिस करत होतो. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाने लिंबाएवढा मुरमाचा खडा उडवला आणि ती शीट फुटली, म्हणजे तडकली नाही, फुटली, वितभर लांब टोकदार सुळके आत आले. माझा मित्र चालवत होता, गरम होतंय म्हणून त्याने हेल्मेटचा व्हायजर वर केलेला. एक तुकडा हनुवटीखाली गळ्याला लागला. सहा टाके पडले, थोडं बाजूला असतं तर काय झालं असतं याचा विचार मला आजही करवत नाही. ती शीट ॲक्रेलिक होती. मला ॲक्रेलिक आणि पॉलीकार्बोनेट यातला फरकच माहीत नव्हता, दुकानदाराला पण माहीत नव्हता, तो सगळ्यालाच फायबर म्हणत होता.

म्हणून लक्षात ठेवा, ॲक्रेलिक रेस कारच्या कुठल्याही खिडकीत नको. लागतं ते पॉलीकार्बोनेट, लेक्सान आणि मॅक्रोलॉन ही त्याचीच ब्रँडची नावं. तेही भरीव शीट. शेडवर टाकतात ती आतून पोकळ कप्प्यांची शीट पण पॉलीकार्बोनेटचीच असते, पण तिच्यातून आरपार नीट दिसत नाही. ओळखायला सोपी परीक्षा, दुकानदाराकडून बोटभर रुंद तुकडा मागा आणि पक्कडमध्ये धरून वाकवा. ॲक्रेलिक कटकन तुटतं, पॉलीकार्बोनेट काटकोनात वाकतं पण तुटत नाही. जो दुकानदार तुकडा देत नाही त्याच्याकडून घेऊ नका.

जाडी पुढच्या काचेसाठी ६ मिलिमीटर, तुमचं नियमपुस्तक जास्त म्हणत असेल तर जास्त. आणि वजनाचा हिशोब एकदा करून बघा. एक चौरस मीटर लॅमिनेटेड काच साधारण ५ मिलिमीटरची धरली तर १२ किलोच्या आसपास, तेवढीच पॉलीकार्बोनेट ६ मिलिमीटरची सव्वासात किलो. छोट्या गाडीची काच एक चौरस मीटर पण भरत नाही, म्हणजे वाचले तीन-चार किलो. मागची सीट, स्टेपनी, कार्पेट, दारांचे पॅड काढले की याच्या कितीतरी पट वजन जातं आणि एक रुपया लागत नाही. मग त्या तीन-चार किलोसाठी ओरखडे पडणारी, पिवळी पडणारी, वायपर न चालणारी शीट कशाला लावायची? गाडीची मूळ काच बाजारात मिळतच नसेल, किंवा फ्रेमच बदललेली असेल, तेव्हाच पॉलीकार्बोनेटकडे जा असं मी म्हणेन. आमची शेवटची ८००ची लॅमिनेटेड काच फिटिंगसकट अडीच हजारात बसली होती, चांगली शीट त्यापेक्षा महाग पडते.

तरी लावणार असाल तर बसवताना सगळ्यात जास्त लक्ष भोकांवर द्या. पॉलीकार्बोनेट उन्हात फार पसरतं, स्टीलच्या पाचपट तरी. सकाळी २० अंशांत बसवलेली सव्वा मीटरची शीट दुपारी उन्हात ६० अंशांला गेली की साडेतीन मिलिमीटर लांब होते आणि पत्रा जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर वाढतो. बोल्ट घट्ट आणि भोक घट्ट असेल तर शीट फुगते किंवा भोकापासून चिरते. आपल्या ऊन्हात हे होणारच. म्हणून ५ मिलिमीटरच्या बोल्टला ८ मिलिमीटरचं भोक, मोठा वॉशर, त्याखाली रबर, आणि नट हाताने आवळून वर थोडासाच, नायलॉनवाला लॉकनट घ्या म्हणजे सैल राहूनही सुटत नाही. थ्रेडलॉकचं लिक्विड लावू नका, त्याने शीटला बारीक चिरा पडतात. निमुळत्या डोक्याचा (काउंटरसंक) स्क्रू खाचेत बसवू नका, तो पाचरीसारखा शीट फाकवतो. भोक कडेपासून निदान २० मिलिमीटर आत, ड्रिल करताना मागे लाकडाची फळी ठेवा, हळू फिरवा, शीट वितळायला लागली की थांबा. कापलेल्या कडा पॉलिश पेपरने गुळगुळीत करा कारण चीर नेहमी खाचेतूनच सुरू होते. संरक्षक कागद शेवटच्या बोल्टपर्यंत काढू नका, आणि ज्या बाजूला यूव्ही कोटिंग लिहिलंय ती बाजू बाहेर.

वाकवण्याचं म्हणाल तर शीट एकाच दिशेला वाकते, दोन्ही दिशांना गोलाई असलेल्या फ्रेमवर ती बसत नाही. साधी ६ मिलिमीटरची शीट गार अवस्थेत ६० सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येत वळवू नका, हार्ड कोटिंगवाली असेल तर गोलाई अजून मोठी लागते. आतून दोन-तीन उभ्या पट्ट्या लागतात, वरच्या फ्रेमपासून डॅशपर्यंत, ३ मिलिमीटर जाड आणि २० रुंद, नाहीतर हवेच्या दाबाने शीट आत दबते आणि फडफडते. पट्ट्या ड्रायव्हरच्या डोळ्यासमोर येणार नाहीत अशा लावा.

आणि पुसायला पेट्रोल, थिनर, अमोनियाचा काचेचा स्प्रे, यातलं काहीच नाही. गॅरेजमध्ये पेट्रोलचा फडका हाताशीच असतो, सवयीने कोणीतरी फिरवतं आणि दोन दिवसांनी जाळं दिसायला लागतं. भांड्याचा पातळ साबण, भरपूर पाणी, मऊ सुती कापड, बस. यासाठी फडके वेगळे रंगाचे ठेवा आणि टीममधल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

हे सगळं फक्त ट्रॅकच्या गाडीसाठी. रोडवर चालणाऱ्या गाडीला १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे पुढची काच लॅमिनेटेड सेफ्टी ग्लासच लागते आणि ७० टक्के उजेड तिच्यातून आरपार जायला पाहिजे. प्लास्टिक लावलेली गाडी सात रस्त्यावरून चालवत न्यायची नाही, टेम्पो किंवा ट्रेलरवरच न्यायची.

काच नसलेली गाडी

बग्गी, ओपन गाडी, किंवा सॉफ्ट टॉप जिप्सीची काच पुढे आडवी करून पळवायचा मोह. जिप्सीवाल्यांनो, काच आडवी केलेली फोटोत भारी दिसते, पण तुमच्यासमोर दुसरी गाडी असेल तर ती उभीच ठेवा.

काच नाही म्हणजे तुमचं हेल्मेट हीच तुमची काच. म्हणून फुलफेस, व्हायजर खाली आणि लॉक, गाडी चालू असेपर्यंत वर करायचा नाही, कितीही गरम झालं तरी. बीएजेएच्या पोरांकडे मोटोक्रॉस टाइप हेल्मेट आणि गॉगल असतात, गॉगलचा पट्टा हेल्मेटवर नीट बसतोय का बघा. टू-व्हीलरचं आयएसआय हेल्मेट रस्त्यासाठी चांगलं आहे पण त्याच्या आतलं अस्तर आगीसाठी बनवलेलं नसतं, कार रेसिंगसाठी स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या एसए शिक्क्याचं येतं त्यात ती चाचणी असते. कुठलं चालेल ते नियमपुस्तक सांगेल. महाग आहे, मान्य, टीममध्ये एक घेऊन सगळ्यांनी वापरलं जातं पण मापाचं नसेल तर उपयोग नाही, तेवढं ज्याचं त्याने घ्यावं.

हेल्मेट घातलं म्हणजे काहीच होत नाही असंही नाही. जुलै २००९ मध्ये हंगेरीत फॉर्म्युला वनच्या क्वालिफाइंगला पुढच्या गाडीची सुटलेली स्प्रिंग, साधारण ८०० ग्रॅमची, फेलिपे मासाच्या हेल्मेटवर डाव्या डोळ्याच्या वर बसली, जगातलं सगळ्यात भारी हेल्मेट असून कवटीला इजा झाली आणि उरलेला सीझन त्याला खेळता आला नाही. त्यानंतर व्हायजरच्या वरच्या कडेला झायलॉन नावाच्या फार चिवट धाग्याची पट्टी आली. आपले वेग तेवढे नाहीत, पण वेग दुप्पट झाला की त्याच खड्याचा मार चौपट होतो हे गणित आपल्यालाही तेच आहे.

म्हणून नियमात बसत असेल तर हेल्मेटसोबत जाळी पण लावा. वेल्डेड जाळी घ्या, विणलेली कुंपणाची नको, ती एक तार तुटली की उसवत जाते. जाळी चारी बाजूंनी फ्रेमला पक्की, आणि तिला मॅट काळा रंग द्या, चकचकीत जाळीवर ऊन पडलं की नजर तिथंच अडकते, काळी केली की डोळे दोन फेऱ्यांत तिला विसरतात. जाळी मोठा दगड अडवते, बारीक खडी आणि धूळ अडवत नाही, त्यामुळे जाळी आहे म्हणून व्हायजर वर असं कधीच नाही.

बाकीच्या काचा

दारातल्या टफन्ड काचा पूर्ण काढा किंवा नियम सांगेल तसं करा, अर्धवट खाली ठेवू नका, अर्धी काच सगळ्यात लवकर फुटते. ड्रायव्हरच्या बाजूला विंडो नेट, हात बाहेर जाऊ नये म्हणून. मागची काच ठेवणार असाल तर तिला पण दोन पट्ट्या.

दिसण्याचं काम

डॅशबोर्ड मॅट काळा करा. पोरं इतका खर्च करतात आणि डॅशवर पांढरा नाहीतर ॲल्युमिनियमचा चकचकीत पत्रा ठेवतात, त्याचं प्रतिबिंब काचेत पडतं आणि तुम्ही दिवसभर दोन चित्रं बघत गाडी चालवता. वरच्या कडेला सनस्ट्रिप (ऊन अडवणारी गडद पट्टी) लावायची तर हात सरळ लांब करून सूर्य झाकेल एवढीच, झाड-पोल-फ्लॅग दिसले पाहिजेत.

वजनासाठी एसी, हीटर सगळं काढून टाकतात आणि पावसाळी इव्हेंटला आतून काच धुरकटते. ब्लोअर आणि काचेकडे जाणारा एक पाइप तरी ठेवा. वायपरचं ब्लेड दर सीझनला नवीन, वॉशरची टाकी भरलेली, नोझलमधली माती टाचणीने काढलेली. धुराळ्यात कोरडा वायपर चालवला की मुरूम काचेवर घासला जातो, आधी पाणी मग वायपर. हाताने पुसताना पण तसंच, आधी बाटलीने पाणी ओतून माती वाहू द्या, मग कापड.

निघायच्या आदल्या दिवशी

गाडी टेम्पोत चढवायच्या आधी काचेच्या चारी कोपऱ्यांवर तळहाताने आतून ढकलून बघा, हलता कामा नये, आवाज येता कामा नये. क्लिपांचे बोल्ट बघा. पॉलीकार्बोनेट असेल तर प्रत्येक भोकाभोवती टॉर्च मारून चिरा शोधा. जॅकचा रॉड, टॉमी, पान्याची पेटी काचेजवळ बांधू नका, पुणे हायवेच्या एका रंबलरवर काम तमाम होतं. सामानात एक जास्तीची बीडिंगची दोरी, रुंद चिकटपट्टी, चार रिबिट, रिबिट गन, दोन पाण्याच्या बाटल्या आणि ते वेगळ्या रंगाचे फडके टाका.

ट्रॅकवर दगड बसला आणि तडा गेला तर फेरी पूर्ण करायचा हट्ट नको, हात वर करून बाजूला घ्या, तडा नजरेसमोर असेल तर त्या दिवसापुरती गाडी उभी. नजरेसमोर नसेल तर स्क्रूटिनियरला दाखवा आणि तो म्हणेल ते करा, परत विचारायची लाज वाटून घेऊ नका.

आणि एक सराव घरीच करून ठेवा. हेल्मेट, ग्लोव्ह्ज, बेल्ट सगळं घालून सीटवर बसा, मित्राला घड्याळ लावायला सांगा आणि बाहेर पडा, आधी दारातून, मग दार अडकलंय असं समजून नेट काढून त्या बाजूच्या खिडकीतून. लॅमिनेटेड काच लाथ मारून फुटत नाही आणि पॉलीकार्बोनेट तर हातोड्यानेही फुटत नाही, म्हणजे पुढून रस्ता नाही हे धरूनच सराव करायचा. पहिल्यांदा केला तेव्हा मला नेटची खिटी ग्लोव्ह घातलेल्या हाताने सापडतच नव्हती, मग आम्ही तिला लाल कापडाची शेपटी बांधली. प्रत्येक ड्रायव्हरकडून असं तीन-तीनदा करून घ्या, आणि एकदा डोळे मिटून.